‘अर्वाच्य’ भाषा म्हणजे काय? अर्थ, उगम आणि फिर्यादीतला वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“सामाईक बांध कोरल्याच्या कारणावरून आरोपीने फिर्यादीस अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली.” परभणी, बीड, जालना, लातूर, कुठल्याही तालुक्यातली फिर्याद उघडा, थोड्याफार फरकानं हे वाक्य सापडतंच. तालुका कोर्टात वकिली करताना असे कागद रोज हातात येतात. पक्षकार, कॉलेजची मुलं, गावातले शिक्षक ‘अर्वाच्य’बद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं भाषेची आहेत, काही कायद्याची. या शब्दाच्या बाबतीत ती वेगळी काढता येत नाहीत.

‘अर्वाच्य’ म्हणजे नेमकं काय?

जे तोंडानं उच्चारू नये ते अर्वाच्य. शिव्या, लाज आणणारं बोलणं, समोरच्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा घाण शब्दांत उद्धार, हे सगळं त्यात येतं.

हा कागदावरचा शब्द आहे. घरात कुणी ‘तो मला अर्वाच्य बोलला’ असं म्हणत नाही. आपल्याकडे माणूस सांगतो, “लई घाण बोलला,” “माय-बहिणीवर गेला,” “तोंडाला येईल ते बकला.” तेच बोलणं ठाण्यात, नोटिशीत, बातमीत किंवा शाळेच्या शेऱ्यात उतरलं की ‘अर्वाच्य भाषा’ होतं. शब्दाचा एक गुण लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे : काय बोललं गेलं हे तो सांगत नाही. जे बोललं ते पुन्हा सांगण्याजोगं नव्हतं, एवढंच तो सांगतो.

हा शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘वच्’ म्हणजे बोलणे. त्यापासून ‘वाच्य’, म्हणजे बोलण्याजोगं. आधी नकाराचा ‘अ’ लागला की ‘अवाच्य’, बोलू नये असं. आपल्या ‘अर्वाच्य’चा अर्थ तंतोतंत हाच आहे. मराठीत येता येता मध्ये ‘र’ शिरला आणि तोच रूढ झाला. आज ‘अवाच्य भाषेत शिवीगाळ’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल.

जुना ‘अवाच्य’ पाहायचा तर गीतेचा दुसरा अध्याय उघडा. छत्तिसाव्या श्लोकात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, “अवाच्यवादांश्च बहून् वदिष्यन्ति तवाहिताः.” तू रणातून निघून गेलास, तर तुझे वैरी तुझ्याबद्दल बोलू नये ते बोलतील. पुढच्याच ओळीत ते काय बोलतील तेही आहे : तुझ्या सामर्थ्याची निंदा करतील. म्हणजे इथल्या ‘अवाच्य’मध्ये आई-बहीण नाही, अंगाचा उल्लेख नाही. माणसाला खाली पाडणारं, त्याची किंमत काढणारं बोलणं, एवढ्यावर तो शब्द लागू झाला. आज आपण अर्वाच्य म्हटलं की फक्त घाणेरड्या शिव्या डोळ्यांपुढं आणतो. मुळातला अर्थ त्याहून रुंद होता, आणि मला तो जास्त खरा वाटतो. ‘तुझ्या बापानं आमच्याच वाड्यावर भाकरी खाल्ल्या’ या वाक्यात एकही शिवी नाही, पण ज्याला ते चारचौघांत ऐकावं लागतं त्याला विचारा.

वाचा, वाक्य, वाचाळ, प्रवचन, ‘वाच्यता करू नका’ मधली वाच्यता, ही सगळी याच ‘वच्’ची लेकरं. पेरणीच्या तोंडावर खताचे भाव ‘अवाच्या सव्वा’ झाले असं आपण म्हणतो, त्यातला ‘अवाच्या’ही याच अवाच्यशी जोडला जातो. आकडा इतका की बोलूच नये. ‘अनिर्वाच्य’चा अर्थ मात्र निराळा. शब्दांत सांगता येत नाही असं ते अनिर्वाच्य. त्यात मनाई नाही, असमर्थता आहे.

‘अर्वाचीन’शी त्याचं नातं आहे का?

नाही. अर्वाचीन म्हणजे अलीकडच्या काळातलं, ‘प्राचीन’च्या उलट. तो ‘अर्वाच्’, म्हणजे अलीकडचा, यापासून आला. दोन्ही शब्द दिसायला सारखे आहेत, तेवढंच. मधला ‘र’ अशा सारख्या दिसणाऱ्या शब्दाच्या संगतीनं आला असणं शक्य आहे, पण अर्थाची वाट वेगळी आहे.

‘अर्वाच्य’ की ‘अर्वाच्च’?

अर्वाच्य. ‘वाच्य’ डोळ्यांपुढं ठेवलं की चूक होत नाही. ‘अर्वाच्च’ बातम्यांत आणि हस्तलिखित जबाबांत खूप दिसतं. त्यामुळं फिर्यादीला कायद्यानं काही बाधा येत नाही, पण लिहिताना शुद्ध लिहावं.

‘शिवीगाळ’ मधला ‘गाळ’ म्हणजे धरणातला गाळ का?

हा प्रश्न दहावीच्या मुलांकडून हमखास येतो. नाही. हा गाळ म्हणजे ‘गाली’. संस्कृतातही ‘गालि’ आहे, हिंदीत ‘गाली’ आहे, जुन्या मराठीत ‘गाळी देणे’ होतं. शिवी आणि गाळ या दोन्हींचा अर्थ एकच. सारख्या अर्थाचे दोन शब्द जोडून आपण एक ठसठशीत शब्द करतो : बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत. शिवीगाळ त्यातलाच. म्हणून ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ’ म्हणताना आपण एकच गोष्ट तीनदा सांगत असतो.

अपशब्द, अश्लील, अश्लाघ्य, गलिच्छ, असंसदीय : हे सगळे एकच का?

एकच नाहीत. फिर्याद लिहिताना यांतला कुठला शब्द घातला यानं फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर.

‘अपशब्द’ची गोष्ट सर्वांत मोठी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीनं महाभाष्य हा व्याकरणाचा ग्रंथ लिहिला, त्यात अपशब्द म्हणजे शिवी नव्हे. व्याकरणाला सोडून असलेला, बिघडलेला शब्द तो अपशब्द. ‘गौः’ या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता असे कितीतरी बिघाड लोकांच्या तोंडी आहेत, असं पतंजली सांगतो. शब्द थोडे आणि अपशब्द फार, अशी त्याची नोंद आहे. या मापानं पाहिलं, तर पैठणच्या सातवाहनांच्या दरबारात मानानं नांदलेली महाराष्ट्री प्राकृत, जिच्यात हाल राजानं गाथासप्तशती जमवली, ती अपशब्दांनीच भरलेली ठरते. आपली मराठी त्याच प्राकृताच्या वंशातली. अशुद्ध बोलणं म्हणजे वाईट बोलणं, हा समज किती जुना आहे ते इथं दिसतं. आजही आमच्याकडचा मुलगा पुण्यात जाऊन ‘का’ऐवजी ‘कामून’, ‘काऊन’ बोलला की त्याला हसतात. व्याकरणाची चूक आणि तोंडाची घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अपशब्द’नं पहिल्या घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवलं, आणि आता त्याचा जुना पत्ता फारसा कुणाला ठाऊक नाही.

‘अश्लील’ हा ‘श्री’पासून निघालेला शब्द. ऋग्वेदात ‘अश्रीर’ आहे : शोभा नसलेलं, कळा गेलेलं. गाईंची स्तुती करताना तिथं म्हटलंय की तुम्ही अश्रीरालाही देखणं करता. ‘र’चा ‘ल’ झाला आणि अश्लील तयार झाला. पुढं साहित्यशास्त्रात मम्मटानं काव्यप्रकाशात अश्लील हा काव्यातला दोष मानून त्याचे तीन प्रकार केले : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. आज कायद्यात अश्लीलचा अर्थ त्यांतल्या पहिल्याच्या आसपास उरला आहे, म्हणजे कामवासनेशी जोडलेला. त्याबद्दल खाली कलमांच्या प्रश्नात लिहिलं आहे.

‘अश्लाघ्य’ या तिघांत सौम्य. ‘श्लाघा’ म्हणजे प्रशंसा. जे प्रशंसेला पात्र नाही ते अश्लाघ्य. पुढाऱ्यांनी एकमेकांवर खालच्या पातळीवर टीका केली की अग्रलेखात हा शब्द येतो. फिर्यादीत त्याचा उपयोग नाही.

‘गलिच्छ’ ऐकायला संस्कृतासारखा, पण तो अरबी ‘गलीज’वरून आला आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि कोर्ट-कचेरीवर उर्दूची छाप होती. म्हणून आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी बदजबानी, बेइज्जती, हुज्जत हे शब्द सहज येतात. खुद्द ‘फिर्याद’ फारसी आहे. पण हे फारसी-अरबी शब्द उभ्या महाराष्ट्राच्या मराठीत आहेत, निव्वळ निजामाच्या खात्यावर ते टाकू नयेत.

‘असंसदीय’ हा सभागृहापुरता शब्द. लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम 380 अध्यक्षांना असे शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार देतो. ज्या बोलण्यावर बाहेर कुणी भुवईही उंचावणार नाही, ते सभागृहात असंसदीय ठरू शकतं. 2022 च्या जुलैमध्ये लोकसभा सचिवालयाच्या अशा शब्दांच्या पुस्तिकेवरून देशभर वाद झाला तो यामुळंच. ग्रामसभेत कुणी वेडंवाकडं बोललं तर सरपंच त्याला ‘असंसदीय’ म्हणतात, तो केवळ ऐकून उचललेला शब्द आहे.

जुन्या काळी शिवीला शिक्षा होती का?

होती, आणि बारकाईनं विचार केलेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात ‘वाक्पारुष्य’ नावाचं प्रकरणच आहे. पारुष्य म्हणजे कठोरपणा, खरखरीतपणा. वाणीनं केलेली मारहाण असं समजा. पुढचंच प्रकरण ‘दंडपारुष्य’, म्हणजे प्रत्यक्ष मारहाण. वाक्पारुष्याचे तीन प्रकार तिथं दिले आहेत : व्यंगावर बोट ठेवणं, कुत्सित बोलणं आणि धमकावणं. कशावरून बोललं तेही धरलं आहे : शरीर, स्वभाव, विद्या, उपजीविका आणि मुलूख.

मला त्यातला एक नियम फार महत्त्वाचा वाटतो. एका डोळ्यानं आंधळ्या माणसाला काणा म्हटलं, आणि ते खरं असलं, तरी तीन ‘पण’ (त्या काळचं नाणं) दंड. खोटं असेल तर सहा पण. आणि त्याच माणसाला ‘काय सुंदर डोळे आहेत तुझे’ असं टोचून म्हटलं, तर बारा पण. खरं आहे म्हणून सुटका नाही, आणि गोड शब्दांत खुपसलेलं बोलणं उघड शिवीपेक्षा जड धरलं आहे. पण याच प्रकरणात दंडाचे आकडे माणसाचा वर्ण आणि दर्जा पाहून बदलतात, हेही विसरायचं नाही. कुणाचा अपमान महाग आणि कुणाचा स्वस्त, हे तिथं आधीच ठरलेलं होतं.

आमच्याकडं प्रेमानंही शिव्या देतात. तीही अर्वाच्य भाषा का?

गंगाखेडच्या जनाबाईंनी प्रत्यक्ष विठ्ठलाला शिव्या दिल्या आहेत. “अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या ॥” असा तो अभंग सुरू होतो, मधल्या ओळींत तर ‘तुझं गेलं मढं’ इथपर्यंत मजल जाते, आणि शेवटी त्या स्वतःच सांगतात, “उभी राहूनी अंगणीं । शिव्या देत दासी जनी ॥” सातशे वर्षं वारकरी हा अभंग म्हणतात. त्याला कुणी अर्वाच्य म्हटलेलं नाही. दळण-कांडण करणाऱ्या दासीचा देवावर एवढा हक्क आहे की ती त्याला अंगणात उभी राहून झापू शकते, हे ऐकणाऱ्याला कळतं.

रोजच्या व्यवहारातही तसंच आहे. आजी नातवाला ‘मुडद्या, जेवला का नाही?’ म्हणते. पारावर जुने मित्र एकमेकांना ‘लेका’पासून पुढं कितीतरी म्हणतात. शिमग्याला तर आरोळ्या ठोकण्याची रीतच आहे. अर्वाच्य ठरतं ते कोण बोललं, कुणाला, कुणासमोर आणि कशासाठी यावरून. ‘मुडद्या’ हाच शब्द सावकारानं कर्जदाराला दारात उभं राहून म्हटला की तो दुसराच झाला.

मात्र ‘आमच्याकडं असंच बोलतात’ ही सबब आरोपीच्या तोंडी मी फार ऐकली आहे, आणि ती मला मान्य नाही. प्रेमाची शिवी दोन्ही बाजूंनी चालते. नातू आजीला लाडानं काही म्हणाला तर आजी हसते. मालकानं सालगड्याला दिलेली शिवी सालगडी परत देऊ शकतो का? देऊ शकत नसेल, तर ती प्रेमाची नव्हती.

आणखी एक. शिव्या देण्याला मराठीत जी बोलणी आहेत ती बरीचशी देवघरातून आली आहेत. देवाला लाख फुलं किंवा बेलपानं वाहणं म्हणजे लाखोली. आपण ‘शिव्यांची लाखोली वाहिली’ म्हणतो. ‘सात पिढ्यांचा उद्धार केला’, ‘मुक्ताफळं उधळली’ हेही त्याच चालीचं.

फिर्यादीत सगळीकडं हाच शब्द का येतो?

ठाणे अंमलदार दिवसभर जबाब लिहून घेत असतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक साचा आहे : कारण, शिवीगाळ, मारहाण, धमकी. ‘सदर’, ‘संगनमत करून’, ‘लाथाबुक्क्यांनी’ हे त्याच साच्यातले शब्द. त्यात सभ्यतेचाही भाग आहे; सरकारी कागदावर घाण शब्द नको, अशी लिहिणाऱ्याची भावना असते. सांगणाराही लाजतो. बाई असेल तर जास्तच. दोघांचीही सोय ‘अर्वाच्य’ या एका शब्दानं होते.

त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण ही सोय फिर्यादीला महागात पडते, ते पुढं लिहिते.

मग प्रत्यक्ष बोललेले शब्द लिहायचे का?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलं की त्या पांघरुणाखाली तीन-चार वेगवेगळे गुन्हे सारखेच दिसू लागतात. जातीवरून बोलला होता का? बाईच्या अंगावरून बोलला होता का? जिवे मारतो म्हणाला होता का? की नुसताच रागात बरळला? प्रत्येकाचं कलम वेगळं, शिक्षा वेगळी, पोलिसांनी काय करायचं तेही वेगळं.

एक प्रसंग सांगते. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली जोडपी ऊसतोडीला निघतात. तोडीच्या बोलीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एका कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नव्हती. मुकादम त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आला आणि बाईला चार माणसांदेखत नको ते बोलला. कागदावर आलं ते एवढंच : “पैशाच्या कारणावरून अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली.” अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करू शकत नाहीत अशी, आणि हातात एक चिठ्ठी आली. ती बाई सासूला घेऊन माझ्याकडं आली, तेव्हा मी विचारलं, “बाई, तो म्हणाला काय?” तिनं आधी सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, “सांग, वकीलबाईला कसली लाज.” मग तिनं सांगितलं. पैसे नसतील तर दुसऱ्या रीतीनं फेड, असं तो म्हणाला होता, आणि वर तिच्या अंगावरून बोलला होता. हे शब्द पहिल्याच कागदावर असते तर ती दखलपात्र फिर्याद झाली असती. आम्ही नव्यानं सविस्तर अर्ज दिला, तिचे शब्द अवतरण चिन्हांत, तिनं सांगितले तसे.

लिहिण्याची रीत सोपी आहे. शब्द जसेच्या तसे, बोलीत, अवतरण चिन्हांत. शुद्ध करायला जाऊ नका. ‘तुझ्या मायला’चं ‘तुझ्या मातेस’ करू नका. सोबत वेळ, जागा आणि ऐकणारे कोण होते ते लिहा. उच्चारायला जमत नसेल तर स्वतः कागदावर लिहून द्या.

नेमके शब्द नसले म्हणून फिर्याद आपोआप पडते असंही नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपमानाच्या तक्रारीत मूळ शब्द उतरवलेच पाहिजेत असा कायदा नाही, तक्रार सबंध वाचावी. तरी पुढं साक्षीच्या वेळी ‘नेमकं काय म्हणाला?’ हा प्रश्न येतोच, आणि तोवर दोन-तीन वर्षं उलटलेली असतात.

शिवीगाळीला कोणती कलमं लागतात?

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या घटनेला नवी कलमं.

जुनं 504 ते आता 352. समोरचा चिडून शांतता भंग करील अशा हेतूनं किंवा जाणिवेनं मुद्दाम केलेला अपमान. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसती शिवी दिली म्हणून हे कलम लागत नाही, चिथावणी दिसली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं हे 2023 मध्येही सांगितलं आहे.

जुनं 509 ते आता 79. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूनं काढलेला शब्द, केलेला आवाज किंवा हावभाव. तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे.

जुनं 294 ते आता 296 : सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य, गाणं किंवा शब्द. इथं लोकांचा मोठा गैरसमज आहे. शिवी म्हणजे अश्लील, असं कायदा धरत नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की केवळ अपमानकारक किंवा मानहानी करणारे शब्द या कलमाखाली येत नाहीत. 2024 च्या मार्चमध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणातही शिवराळ भाषा आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याच न्यायालयानं म्हटलं. म्हणून अर्जात ‘अर्वाच्य व अश्लील’ असं जोडीनं ठोकून देऊ नका.

धमकीचं जुनं 506 ते आता 351. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

जातीवरून शिवी दिली तर?

ती ‘अर्वाच्य’ या शब्दात कधीही झाकू देऊ नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्यातलं कलम 3(1)(आर) हे लोकांच्या नजरेसमोर पाणउतारा करण्याच्या हेतूनं मुद्दाम केलेल्या अपमानाचं आहे, आणि 3(1)(एस) जातीच्या नावानं शिवीगाळ करण्याचं. आरोपी स्वतः या समाजांतला नसावा लागतो. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड.

‘लोकांच्या नजरेसमोर’ हे शब्द फार महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या एका निकालात घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कुणी हजर नसताना घडलेल्या घटनेला हे कलम लागलं नाही. घर खासगी असलं, पण अंगणात घडलं आणि रस्त्यावरच्या चार माणसांनी ऐकलं, तर गोष्ट वेगळी. म्हणून ऐकणाऱ्यांची नावं पहिल्याच जबाबात आली पाहिजेत, नंतर आठवलेली नावं संशयात सापडतात. जातीचा उच्चार कसा झाला, कोणत्या शब्दाला जोडून झाला, तेही तसंच लिहा. बऱ्याचदा जातीचं नाव घेतलेलं नसतं. ‘तुमच्या लायकीत राहा’, ‘वेशीबाहेरचे’ असं बोललेलं असतं. त्याचा अर्थ गावातल्या प्रत्येकाला कळतो, कोर्टाला तो संदर्भासह सांगावा लागतो.

ठाण्यात ‘एनसी घेतो’ म्हणाले. म्हणजे काय?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. कलम 352 अदखलपात्र आहे, त्यामुळं दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हे कायद्यानंच आहे, दर वेळी ती टाळाटाळ नसते. नोंदीची प्रत घ्या. पुढं तुम्ही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं तपासाच्या आदेशासाठी अर्ज करू शकता किंवा थेट खासगी फिर्याद दाखल करू शकता. मात्र घडलेल्यात दखलपात्र भाग असेल, म्हणजे स्त्रीच्या लज्जेचा अपमान किंवा जातीवाचक शिवीगाळ, तर एनसीवर समाधान मानू नका.

शिव्यांत नेहमी आई-बहीणच का? गावानं त्यावर दंड बसवला तर चालतो का?

भांडण दोन पुरुषांचं असतं, बांधाचं असतं, पाण्याच्या पाळीचं असतं. शिवी मात्र जाते घरात भाकरी थापणाऱ्या बाईवर, जिचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही. बाई ही घराची अब्रू, आणि अब्रू म्हणजे पुरुषाची मालमत्ता, या समजावर ही शिवी उभी आहे. विधवेला लावलेला शब्दही शिवी झाला, मूल नसलेलीला लावलेलाही. नवरा मेला हा त्या बाईवर कोसळलेला प्रसंग, आणि भाषेनं त्याचाच तिच्यावर वार केला. याचा मला मनापासून राग येतो.

गोदावरीच्या पलीकडं, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. ज्या नेवाशात आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीता मराठीत सांगितली, तोच हा तालुका. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वाणीनं टाकून द्यायच्या अवगुणांत उपहास, छळ आणि ‘वर्मस्पर्शु’, म्हणजे दुखऱ्या जागी बोट लावणं, यांची नावं घेतली आहेत.

अशा दंडाची सक्तीनं वसुली करायला गेलं तर कायद्याचे प्रश्न उभे राहतात. पण ठरावाचं वजन निराळं असतं. गावानं एकत्र बसून ‘हे आम्हाला चालत नाही’ म्हटलं की पारावरचा माणूस बोलण्याआधी आजूबाजूला पाहतो. तंटामुक्त गाव मोहिमेत, 2007 पासून, कितीतरी भांडणं गावातच मिटली. फक्त एक पाहा : जातीवाचक किंवा बाईला बोललेल्या शिवीचं प्रकरण गावानं ‘मिटवून घे’ म्हणून दाबू नये.

शाळेत मुलाच्या वहीवर किंवा बातमीत काय लिहावं?

तिथं ‘अर्वाच्य’ अगदी योग्य. वाचणाऱ्यानं ते शब्द पुन्हा वाचण्याची गरज नाही. शाळेच्या नोंदीत मात्र कुणावरून बोलला ते लिहा : जातीवरून, मुलीवरून, व्यंगावरून. नववीतल्या मुलाला ‘अर्वाच्य बोलू नकोस’ सांगून काही कळत नाही. त्यानं कुणाला काय लागेल असं बोललं, ते समोर बसवून सांगावं लागतं.

लिहिलेला जबाब वाचून न दाखवता सही मागितली तर?

सही करू नका, आधी वाचून मागा. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे, आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर सहीपूर्वी वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून कलम 4 मध्ये वेगळं नमूद आहे. वाचताना ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ’ हे शब्द आले की थांबवा आणि “साहेब, तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहा,” असं सांगा. अक्षरओळख नसेल तर शिकलेल्या कुणाला सोबत घेऊन जा. लिहून घ्यायला नकार मिळाला तर तेच सगळं कागदावर उतरवून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा, आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.